कागदाला कागद राहू दे

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस, पण आवाज पार बसला होता. नोव्हेंबरात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा चित्रविक्रीचा मेळा आहे, तिथे एका गॅलरीच्या स्टॉलमध्ये तुझी नऊ कामं लागणार आहेत. आणि आता गॅलरीवाले म्हणतात, कागद भिंतीवर भरत नाही, लांबून दिसत नाही, तर सगळी कॅनव्हासवर चिकटवून घे, नाहीतर त्यातली तीन मोठ्या कॅनव्हासवर पुन्हा कर. "मॅडम, काय करू?" हे तू चारदा विचारलंस. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

करू नकोस. कागदाला कागद राहू दे.

त्यातलं जिन्याचं काम तू माझ्याकडे घेऊन आली होतीस, आठवतं? पुण्याच्या हातकागद संस्थेतला जाड ताव, आणि त्याला मागच्या बाजूने शिवणाच्या सुईने टोचलेली हजारो भोकं. पुढच्या बाजूला कागद रव्याच्या दाण्यासारखा वर आलेला. टेबलावर ठेवलास तेव्हा मला कोरा ताव दिसला. मग मी पडदा सरकवला, खिडकीचा उजेड आडवा आला, आणि चाळीचा अख्खा जिना पायरी पायरीने उभा राहिला, कठड्यावरच्या वाळत घातलेल्या टॉवेलासकट. मी बराच वेळ काही बोलले नव्हते. तो ताव आता कॅनव्हासवर चिकटवायचा म्हणजे मागून गोंद फासायचा, वरून रूळ फिरवायचा. दाणे बसतील. भोकं बुजतील. जिना जाईल. मग भिंतीवर भरून राहील ते काय?

चित्रकार झरीना हाश्मींनी 1970च्या दशकात नुसत्या सुईने कागद टोचून कामं केली. ना शाई, ना रंग. पुढे 1999 साली त्यांनी 'होम इज अ फॉरेन प्लेस' केलं, छत्तीस छोटे काष्ठठसे, म्हणजे कोरलेल्या लाकडावरून कागदावर उमटवलेली चित्रं, प्रत्येकावर उर्दूतला एकेक शब्द, घराशी जोडलेला. ज्या बाईचं घर फाळणीने आणि प्रवासाने सुटत गेलं, तिने घर कागदावर बांधलं. झरीना कागदाला कातडीसारखं मानत. हे तुला वर्गात सांगितलं होतं, तेव्हा तू मागच्या बाकावर बसून वहीच्या कडेला टाचणी टोचत होतीस. मी पाहिलं होतं, बोलले नव्हते.

आणि बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर. शांतिनिकेतनात 'वुंड्स'ची, म्हणजे जखमांची, मालिका करताना त्यांनी मातीच्या सपाट थरावर सुरीने घाव घातले, त्याचा सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबला. लगदा सुकला की पांढऱ्यावर पांढरी जखम. बंगालचा दुष्काळ ज्याने उघड्या डोळ्यांनी पाहिला आणि रेखाटला, त्या माणसाला शेवटी तेवढंच पुरलं. तिथे कागद हा चित्राच्या खालचा आधार नाही, तोच चित्र आहे. हे समजून घे, कारण तुझंही तसंच आहे. ज्याच्या कामात कागद फक्त खाली असतो त्याने बदलला तर मी भांडणार नाही. तुझ्या कामात कागद काढला तर मागे काही उरत नाही.

"पण मॅडम, कागदाला किंमत येत नाही." काल हे वाक्य ऐकून माझा पारा चढला, खरं सांगते. येत नाही, कबूल. त्याच हाताचं त्याच आकाराचं काम कॅनव्हासवर असलं की जास्त पैसे मिळतात, हे मला 1980 पासून माहीत आहे. पण कागद म्हणजे सराव आणि कॅनव्हास म्हणजे खरं काम, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही. चित्रकार हळदणकरांची ती समई घेतलेली मुलगी, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लोक रांगेने पाहतात ती, जलरंगातली आहे, कागदावरची. बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड एकदा चुकला असता तर पुसून सुधारता आला नसता. चित्रकार नसरीन मोहम्मदींनी आजारपणात हातावरचा ताबा सुटत चालला असतानाही कागदावर केसाएवढ्या रेषा ओढल्या. त्या 1990 साली आपल्या अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाची मेट ब्रॉयर ही शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत एक त्यांचं होतं.

आता माझं ऐक. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

1994 साली एका गॅलरीने मला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. माझी पंचगंगेच्या घाटाची चौदा जलरंगचित्रं होती, सगळी भर पावसात काठावर बसून केलेली. एकात तर खरे पावसाचे थेंब पडलेले होते, रंगात छोटी पांढरी वर्तुळं उठली होती. मी ती सगळी कॅनव्हासवर चिकटवली, पांढऱ्या गोंदाने, दोन रात्री जागून. अकरा विकली गेली. घरी पेढे आणले. सहा वर्षांनी एक गृहस्थ त्यांचं चित्र परत घेऊन दारात उभे राहिले. आभाळात फोड आले होते, घाटाच्या पायऱ्यांवर पिवळे ओघळ. ते चांगले होते, रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, याचं काही होईल का?" मी चार दिवस ओल्या टीपकागदाने तो कागद सोडवायचा प्रयत्न केला. थेंबांचं वर्तुळ होतं तिथेच फाटला. तो तुकडा अजून माझ्या कपाटातल्या खालच्या खणात आहे. तू हवा तेव्हा बघ.

त्यानंतर मी कॅनव्हासला हात लावला नाही. लोक म्हणाले हट्टी आहे, म्हणाले हिला मोठं काम झेपत नाही. दोन मेळ्यांची बोलावणी आली, तीही अटीसकट, मी गेले नाही. शाळेत चित्रकला शिकवून घर चालवलं. तुला वाटत असेल, मॅडमना काय जातंय सांगायला, त्यांची संधी गेली म्हणून माझीही घालवतात. तसं नाही गं. मेळ्याला जायला मी तुला अडवत नाहीये. जा, जरूर जा. माझं न जाणं बरोबरच होतं, त्या अटींवर ते बरोबरच होतं, आणि आजही मी तेच करीन. पण तुझी कामं कागद म्हणून तिथे लागू शकतात. माझ्या वेळी ते कोणी ऐकूनच घेतलं नसतं. म्हणून तर एवढं कळकळीने लिहिते आहे.

आज सकाळीच गॅलरीला फोन कर. रडवेलं बोलू नकोस आणि भांडूही नकोस. सांग की नऊच्या नऊ कागदावरच राहतील, पण एकत्र लागतील, तीन तीनच्या तीन ओळींत, म्हणजे भिंत भरेल. सांग की समोरून झोताचा दिवा नको, बाजूने आडवा हवा. समोरच्या दिव्यात तुझा जिना कोणालाच दिसणार नाही आणि मग ते म्हणतील, बघा, कागद दिसत नाही. तंबूत दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात आडवा उजेड मिळत असेल तर भिंत बदलून माग. लहान भिंत मिळाली तरी चालेल.

फ्रेमच्या बाबतीत मात्र मी एक शब्द ऐकणार नाही. माउंट, म्हणजे फ्रेममधला पुठ्ठा, आम्लविरहित बोर्डाचंच, आणि काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवीच. मुंबईच्या हवेत टेकलेल्या कागदाला बुरशी धरते. वर खिडकीसारखं माउंट लावून कडा झाकू देऊ नकोस, कागद तरंगता बसव, मागून जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने. आणि फ्रेमवाल्याने कच्ची कड सरळ करतो म्हणून कटर उचलला तर त्याचा हात धर. त्या कडेवरूनच कळतं की ताव हाताने काढलेला आहे.

फ्रेमवाल्याकडे एकटी जाऊ नकोस. शनिवारी दुपारी मी मोकळी आहे. तावांच्या मध्ये बटर पेपर घालून ये, गुंडाळून आणू नकोस, सपाट आण.

तुझी,
मॅडम