चौकशी करणाऱ्यालाच घरी पाठवलं, तर सरकार पडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: राष्ट्राध्यक्षाने स्वतःचीच चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला काढून टाकलं, तर त्याचं राजकीय नुकसान किती होतं, आणि निक्सन गेला तसा ट्रम्प का गेला नाही?

लगेच कुणी पडत नाही. काढलेल्या माणसाच्या टेबलावरचे कागद कुणाच्या हाती जातात आणि काढणाऱ्याच्या स्वतःच्या पक्षातली माणसं किती दिवस गप्प बसतात, यावर पुढचं ठरतं. निक्सनवर या दोन्ही गोष्टी उलटल्या. ट्रम्पवर पहिली उलटली, दुसरी नाही. मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना घटनात्मक कायदा शिकवते. हा विषय निघाला की मागच्या बाकावरचेही जागे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाईत असाल तर वरच्या चार ओळींत उत्तर आलंय.

१७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घुसलेले पाच जण पकडले गेले. नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आला. इतक्या मोठ्या फरकाने जिंकणाऱ्याला असल्या घुसखोरीची गरजच काय होती, हा प्रश्न मला अजूनही पडतो. पुढे धागे व्हाइट हाउसपर्यंत पोचायला लागले. ३० एप्रिल १९७३ ला निक्सनच्या अगदी आतल्या गोटातले हाल्डेमन आणि एर्लिकमन गेले, ॲटर्नी जनरलही गेला. तिकडचा ॲटर्नी जनरल म्हणजे न्याय खात्याचा मंत्रीच. त्या जागी एलियट रिचर्डसनचं नाव आलं, तेव्हा सिनेटने अट घातली: आधी स्वतंत्र विशेष सरकारी वकील नेमा, मग तुमच्या नावावर शिक्कामोर्तब करू. रिचर्डसनने हार्वर्डचे आपले जुने प्राध्यापक आर्चिबाल्ड कॉक्स यांना बोलावलं. काही फारच गैर वागल्याशिवाय त्यांना काढणार नाही, असा शब्द त्याने सिनेटसमोर दिला. हा शब्द ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं.

जुलैत अलेक्झांडर बटरफिल्ड नावाच्या अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीपुढे सांगून टाकलं की राष्ट्राध्यक्षाच्या कार्यालयातलं बोलणं टेप होतं. कॉक्सनी नऊ टेप मागितल्या. निक्सन नाही म्हणाला. न्यायाधीश जॉन सिरिका यांनी टेप देण्याचा हुकूम काढला आणि १२ ऑक्टोबरला अपील न्यायालयानेही तोच कायम केला.

आता त्या ऑक्टोबरात आणखी काय चाललं होतं बघा. सहा तारखेला इस्रायल आणि अरब राष्ट्रांचं युद्ध पेटलं होतं. दहा तारखेला उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू करचुकवेगिरीच्या प्रकरणात राजीनामा देऊन गेला होता. अशा वेळी निक्सनने एक तोडगा काढला. टेप न्यायालयात द्यायच्या नाहीत, त्याऐवजी सिनेटर जॉन स्टेनिस त्या ऐकतील आणि सारांश बरोबर आहे की नाही ते सांगतील. बदल्यात कॉक्सनी यापुढे एकही टेप मागायची नाही. स्टेनिस सत्तरीच्या पुढचे, सचोटीबद्दल दोन्ही पक्षांत मान असलेले. पण त्याच वर्षी जानेवारीत लुटारूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, त्यातून ते नुकतेच सावरत होते, आणि त्यांना कमी ऐकू यायचं. खरखरणाऱ्या टेप ऐकायला नेमका हाच माणूस! वर्गात हे सांगितलं की हशा पिकतो, पण व्हाइट हाउसने तो तोडगा गंभीरपणे मांडला होता.

२० ऑक्टोबर, शनिवार. सोमवारी सुट्टी होती, म्हणजे न्यायालयं आणि कचेऱ्या मंगळवारीच उघडणार. दुपारी एक वाजता बो टाय लावलेले कॉक्स पत्रकारांसमोर बसले आणि एखाद्या तासिकेत शिकवावं तसं शांतपणे समजावून सांगितलं: मी राष्ट्राध्यक्षांच्या मागे हात धुऊन लागलेलो नाही, पण न्यायालयाने हुकूम दिला आहे आणि तो बाजूला ठेवून सौदा करायचा अधिकार मला नाही. माझ्या मते निक्सनची बाजू पडली ती इथे. तोवर हा वाद अधिकार, विशेषाधिकार, गोपनीयता असल्या शब्दांचा होता. त्या दुपारनंतर चहाच्या टपरीवरच्या माणसालाही तो एका वाक्यात सांगता येऊ लागला: पुरावा मागितला म्हणून वकिलालाच काढतोय.

निक्सनचा कारभारी अलेक्झांडर हेग याने रिचर्डसनला फोन केला: कॉक्सना काढा. रिचर्डसन स्वतः निक्सनला भेटायला गेला. निक्सनने त्याला युद्धाचं कारण सांगितलं. आपल्याच घरात आपलं ऐकलं जात नाही असं मॉस्कोत ब्रेझनेव्हला दिसलं तर काय होईल, निदान राजीनामा तरी थोडा लांबव. रिचर्डसन बधला नाही. त्याने राजीनामा दिला. दोन नंबरचा विल्यम रकल्सहाउस. त्याला हेगने सरसेनापतीचा हुकूम आहे असं सुनावलं. त्याने सिनेटला तसाच शब्द दिला होता, तोही गेला. तिसरा रॉबर्ट बोर्क. त्याच्यावर असा कुठलाही शब्द बांधलेला नव्हता. बोर्कने दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं आणि कॉक्स गेले.

‘मग बोर्क लाचार होता का?’ हे मला हमखास विचारलं जातं. मला तसं वाटत नाही. त्याचं म्हणणं होतं की राष्ट्राध्यक्षाला हा अधिकार आहे, आणि मीही गेलो तर खातं चालवायला कुणीच उरणार नाही. रिचर्डसननेच त्याला राजीनामा देऊ नकोस असं सांगितलं होतं. पण हा डाग पुसला गेला नाही. १९८७ मध्ये रेगनने त्याला सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं आणि सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं. मुख्य कारणं त्याच्या कायदेविषयक मतांची होती हे खरं, तरी तो शनिवारही तिथे उकरून काढला गेलाच.

रात्री साडेआठच्या सुमारास व्हाइट हाउसने जाहीर केलं की कॉक्स गेले आणि त्यांचं कार्यालयच बंद. लगोलग एफबीआयची माणसं त्या कार्यालयाच्या दारात उभी राहिली, कागद बाहेर नेऊ देईनात. कॉक्स यांच्या प्रवक्त्याने भिंतीवरची अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची फ्रेम काढली आणि पहाऱ्यावरच्याला म्हणाला, यावर ‘रद्द’ असा शिक्का मारा आणि मला घरी नेऊ द्या.

निक्सनचा हिशेब असा दिसतो की युद्ध सुरू आहे, लोक कंटाळलेत, लांब सुट्टीत गाजावाजा विरून जाईल. झालं भलतंच. तारांचा असा पाऊस पडला की तार कंपनीला आवरेना. व्हाइट हाउससमोर लोक पाट्या घेऊन उभे राहिले, ‘महाभियोग हवा असेल तर हॉर्न वाजवा’, आणि गाड्या हॉर्न वाजवत जात राहिल्या. ‘टाइम’ साप्ताहिकाने आपल्या पन्नास वर्षांत कधी संपादकीय लिहिलं नव्हतं. पहिलं लिहिलं ते निक्सनने पायउतार व्हावं म्हणून. पण रस्त्यावरच्या गर्दीने सरकार पाडलं असं समजू नका. निक्सनला जड गेलं ते या गर्दीच्या आडून झालेलं कमी गोंगाटाचं काम.

मंगळवारी न्यायाधीश सिरिका यांनी ग्रँड ज्युरीच्या सदस्यांना बोलावून घेतलं. आपल्याकडे ही पद्धत नाही म्हणून सांगते, ग्रँड ज्युरी म्हणजे आरोपपत्र ठेवायचं की नाही हे ठरवणारे सामान्य नागरिक. त्यांना सिरिकांनी सांगितलं की तुम्ही अजून कामावर आहात आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय कुणीही तुम्हाला घरी पाठवू शकत नाही. त्याच दिवशी निक्सनचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, टेप देतो. तीन दिवसांत माघार! म्हणजे ज्यासाठी कॉक्सना काढलं ती गोष्ट द्यावी लागलीच, वर इभ्रतही गेली. कॉक्स यांच्या हाताखालचे तरुण वकील आपापल्या जागी बसून होते, कागद तिथेच होते. १ नोव्हेंबरला टेक्सासचा लिऑन जावोर्स्की नव्या विशेष वकिलाच्या जागी जाहीर झाला, आणि आता अट आणखी कडक: संसदेच्या नेत्यांशी एकमत झाल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही. नोव्हेंबरातच एका जिल्हा न्यायाधीशाने कॉक्स यांची हकालपट्टी बेकायदा ठरवली. कॉक्स काही परत आले नाहीत, पण शेरा बसला.

मग टेपमधली साडेअठरा मिनिटं कोरी निघाली वगैरे तुम्ही ऐकलं असेलच. ते सोडते.

आता दुसरी गोष्ट, स्वपक्षाची. संसदेची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांच्या ताब्यात होती, त्यामुळे महाभियोगाची चौकशी सुरू होणं अवघड नव्हतं. पण फेब्रुवारी १९७४ मध्ये तिला मंजुरी मिळाली ती ४१० विरुद्ध ४ मतांनी. म्हणजे निक्सनच्या पक्षातल्यांनीही, निदान चौकशी होऊ द्या, इतपत तरी मान हलवली होती. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने टेप द्या असा ८ विरुद्ध ० निकाल दिला. त्या आठांतले तिघे निक्सननेच नेमलेले. तीन दिवसांनी प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाचं पहिलं कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केलं, त्यात रिपब्लिकन पक्षाचे सहा जण होते. ५ ऑगस्टला ती टेप बाहेर आली ज्यात घुसखोरीनंतर सहाव्या दिवशीच निक्सन सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास थांबवायचं बोलताना ऐकू येतो. दोन दिवसांनी सिनेटर बॅरी गोल्डवॉटर आणि पक्षाचे दोन नेते त्याला भेटायला गेले. पदावर टिकायला सिनेटच्या शंभरातली ३४ मतं हवी होती, आणि त्याच्या बाजूने वीसही उरलेली नाहीत हे त्यांनी स्पष्ट केलं. ९ ऑगस्टला निक्सन राजीनामा देऊन गेला. त्या शनिवारपासून साडेनऊ महिन्यांहून जास्त.

आपल्या इतिहासातलं एक प्रकरण मला इथे आठवतं. नारायणरावांच्या खुनानंतर रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं, एवढंच आपण शाळेत शिकतो आणि अभिमानाने सांगतो. पण राघोबादादांची गादी गेली ती शास्त्रीबुवांच्या बाणेदार उत्तराने नव्हे. सखारामबापू, नाना फडणीस आणि दरबारातली बाकीची मंडळी फिरली, बारभाई उभे राहिले, म्हणून गेली. आणि पुढे त्याच कारभाऱ्यांनी रामशास्त्र्यांना परत न्यायासनावर बसवलं. रिचर्डसनच्या राजीनाम्याचं कौतुक करताना गोल्डवॉटरची ती भेट विसरू नये, ती याच कारणासाठी.

ट्रम्पचं आता लवकर उरकते. ९ मे २०१७ ला त्याने एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांना काढलं. २०१६ च्या निवडणुकीतली रशियाची ढवळाढवळ आणि ट्रम्पच्या माणसांचा तिच्याशी संबंध होता का, याचा तपास तेव्हा एफबीआय करत होती. कोमी त्या वेळी लॉस एंजेलिसच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांशी बोलत होते आणि समोरच्या टीव्हीवर त्यांना आपलीच बातमी दिसली. कारण दिलं हिलरी क्लिंटनच्या ईमेलच्या तपासातल्या चुकांचं, आणि दोनच दिवसांनी ट्रम्पने मुलाखतीत सांगितलं की निर्णय घेताना रशियाचा विषय डोक्यात होता. आठ दिवसांत रॉबर्ट म्युलर विशेष वकील म्हणून आले. म्हणजे पहिला भाग निक्सनसारखाच: एकाला काढलं, त्याहून भारी माणूस बसला. जूनमध्ये म्युलर यांनाही काढायचं ट्रम्पच्या मनात आलं तेव्हा व्हाइट हाउसचा वकील डॉन मॅकगान याने ऐकलं नाही. त्याला तो १९७३ चा शनिवार आठवत होता आणि आपण बोर्क व्हायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. म्युलर यांच्या अहवालातच हे नोंदलेलं आहे.

पण दुसरा भाग घडला नाही. २०१९ उजाडेपर्यंत दोन्ही सभागृहं ट्रम्पच्याच पक्षाकडे होती, आणि त्या पक्षाचे मतदार त्याच्या मागे घट्ट होते. निक्सनच्या काळी तीन वाहिन्या आणि त्याच बातम्या सगळ्यांच्या घरात. आता ज्याला जे ऐकायचं तेच ऐकता येतं. शिवाय म्युलर यांच्या हाती त्या ५ ऑगस्टसारखी टेप नव्हती. अहवालात न्यायकार्यात अडथळ्याचे दहा प्रसंग तपासले आहेत, पण गुन्हा झाला असा निष्कर्षही नाही आणि निर्दोष ठरवलेलंही नाही. ट्रम्पवर पुढे दोनदा महाभियोग चालला, दोन्ही वेळा वेगळ्याच कारणांसाठी.

कायद्याने हे थांबवता येतं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. अमेरिकेने प्रयत्न केला. १९७८ मध्ये कायदा करून विशेष वकिलाची नेमणूक न्यायाधीशांच्या मंडळाकडे दिली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, एकट्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विरोधी निकाल लिहिला. मग राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनच्या मागे लागलेली विशेष वकील केनेथ स्टार यांची चौकशी जमिनीच्या व्यवहारापासून सुरू होऊन भलतीकडेच पोचली, दोन्ही पक्ष वैतागले आणि १९९९ मध्ये कायद्याची मुदत संपली तेव्हा कुणी ती वाढवली नाही. म्युलर यांची नेमणूक झाली ती न्याय खात्याच्या स्वतःच्या नियमावलीखाली, आणि त्या नियमावलीत विशेष वकिलाला काढायचा अधिकार ॲटर्नी जनरलकडेच आहे, १९७३ मध्ये होता तसाच.