घरगुती शंका : वास येतो, पण कुठून?

गौरी-गणपती तोंडावर आले की या सदराकडे येणारी पत्रं एकाच सुरात बोलू लागतात : पाहुणे यायचे आहेत आणि घराला वास येतोय. कोणतं अत्तर, कोणता स्प्रे, कोणती उदबत्ती, अशी विचारणा बहुतेकांची असते. उत्तरं मात्र जाळी, पाइप, रबर आणि ओल यांच्याकडेच वळतात. एक सूचना सगळ्यांसाठी : आपल्याच घराच्या वासाला नाक काही मिनिटांत सरावतं. म्हणून शोध घ्यायचा तो बाहेरून आल्याआल्या, चपला काढायच्या आधी.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दोन बाथरूमपैकी पाहुण्यांचं फारसं वापरात नसतं. मुलाकडे महिनाभर राहून आलो, तर तिथे गटारासारखा भपकारा. रोज फिनेल टाकतो, दोन तासांत पुन्हा तेच. प्लंबर म्हणतो, फरशी फोडून सगळे ट्रॅप बदला. बदलावेत का?

फरशी फोडण्याआधी दहा लिटरची एक बादली पाणी खर्च करा.

जमिनीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचून राहतं आणि ते पाणी हेच गटारातल्या वायूला अडवणारं झाकण. रोजच्या आंघोळीत ते आपोआप भरत राहतं. बाथरूम बंद राहिलं की ते उडून जातं. पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तर काही आठवड्यांतच. मग ड्रेनेजचा पाइप थेट तुमच्या खोलीत उघडतो. त्यात खिडकी बंद ठेवून एक्झॉस्ट पंखा लावलात, तर पंखा हवा खेचतो ती त्या पाइपातूनच. पंख्याने वास जायच्या ऐवजी वाढतो, त्याचं कारण हे.

तर प्रत्येक जाळीत पाणी ओता. ड्राय बाल्कनीतली जाळी हमखास विसरली जाते, वॉशिंग मशीनमागची तर दिसतही नाही. खिडकी उघडी ठेवून दोन तास थांबा. वास गेला तर काहीही बदलायचं नाही. पुढच्या वेळी गावाला जाताना प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी आणि त्यावर दोन-तीन चमचे गोडं तेल सोडा. तेल तरंगतं आणि खालचं पाणी उडू देत नाही.

पाणी भरूनही वास राहिला तर जाळी उचलून बघा. काही ट्रॅपमध्ये एक उलटी वाटी बसवलेली असते. पाणी तुंबतं म्हणून कोणीतरी ती काढून कोपऱ्यात ठेवून देतं. वाटी गेली की पाण्याचं झाकणही गेलं. हातमोजे घालून केस आणि साबणाचा गाळ काढा, गरम पाणी नि भांड्याच्या साबणाने ब्रश फिरवा, वाटी जागेवर बसवा. मग वॉशबेसिनखाली वाका. बेसिनचा घड्याघड्यांचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खोचलेला असेल, तर भोवतीच्या फटीतून वास येतो. हार्डवेअरच्या दुकानात पाइपाच्या मापाचं रबरी बूच मिळतं. ते घट्ट बसवा. बेसिनच्या वरच्या कडेजवळचं छोटं भोकही बाटलीच्या ब्रशने साफ करा, आत काळा बुळबुळीत थर असतो.

वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर तुमच्या जाळीत ‘गुडगुड’ ऐकू येतं का? येत असेल तर गच्चीवर गेलेला हवेचा पाइप तुंबला असावा. अशा वेळी ट्रॅपमधलं पाणी खालच्या ओढीने खेचलं जातं. ते काम सोसायटीचं. तुमची फरशी फोडून उपयोग नाही.

आणि घाईघाईत ॲसिडवर ब्लीच ओतू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर आणि ब्लीच यांचंही तेच.

प्रश्न : पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांना आंबूस वास येतो. पुढून दार असलेलं मशीन आहे. पावडर वाढवली, सॉफ्टनर घातला, तरी टॉवेल तसेच. (कर्वेनगर)

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालंय. पावडर वाढवल्याने ती पूर्ण खंगाळली जात नाही. कपड्यांत आणि ड्रमच्या मागे तिचा थर बसतो आणि जंतूंना तेच खाद्य. सॉफ्टनरचा मेणचट थर टॉवेलची शोषण्याची ताकद घालवतो, शिवाय तो वाळायलाही वेळ घेतो.

आधी दोषी कोण ते ठरवा. सकाळी, मशीन कोरडं असताना, ड्रममध्ये डोकं घालून वास घ्या. वास आला तर मशीन साफ करायचं. दाराच्या रबराची घडी बोटाने उलगडून ओल्या फडक्याने पुसा. खालच्या बाजूला केस आणि काळी बुरशी अडकलेली सापडेल. पावडरचा खण पूर्ण बाहेर काढून धुवा. खाली कोपऱ्यातल्या झाकणामागे फिल्टर असतो. परात आणि जुनं फडकं ठेवून तो हळूहळू उघडा, कारण आत साचलेलं पाणी बाहेर येतं, आणि त्या पाण्याचा वास ओळखीचा वाटेल. मग मशीन रिकामं ठेवून सर्वांत गरम पाण्याची फेरी चालवा, ‘टब क्लीन’ असेल तर तीच. महिन्यातून एकदा हे केलं की पुरतं. धुणं झालं की दार आणि पावडरचा खण उघडा ठेवायचा. घरात लहान मूल असेल तर दाराची फट ठेवून ते आत शिरणार नाही इतकी काळजी घ्यायची.

आता कपडे. कोरडा टॉवेल नाकाशी धरला तर काही वाटत नाही, अंग पुसायला घेतला की वास सुटतो, असं होत असेल तर धाग्यांत जंतू मुरलेले आहेत. मोराक्सेला नावाचा एक जिवाणू यासाठी प्रसिद्ध आहे. नुसत्या थंड पाण्याच्या धुण्याला तो दाद देत नाही, आणि कपडा जितका वेळ ओला तितकी त्याची चंगळ. सुती टॉवेल, चादरी, बनियन यांसाठी : उकळतं पाणी आणि नळाचं पाणी समसमान घ्या, म्हणजे साधारण ६० अंश तापमान मिळतं. पाच लिटरला दोन मोठे चमचे ऑक्सिजन ब्लीचची (क्लोरीन नसलेल्या ब्लीचची) पावडर विरघळवा, तासभर भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. रेशीम आणि लोकर यात चुकूनही नको. रंगीत कपड्याचा आतला कोपरा आधी भिजवून बघा.

वाळवणं हा खरा कळीचा भाग. धुणं संपल्यावर एक स्पिन जास्तीची द्या. इतकं करूनही मशीनभर कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी उरतं, आणि बंद बेडरूममध्ये दोरी बांधलीत तर ते सगळं हवेत, तिथून भिंतीत नि कपाटात जातं. म्हणून कपडे अशा खोलीत घाला जिथे एक खिडकी थोडी उघडी आणि पंखा कपड्यांच्या दिशेने आहे. दोन कपड्यांत एक वीत अंतर ठेवा. जीन्स उलटी करून, कमरेकडून टांगा, खिसे बाहेर. धुणं मशीनमध्ये रात्रभर पडून राहिलं असेल तर ते पुन्हा धुवायचं, त्याला दुसरा उपाय नाही.

प्रश्न : रविवारी बांगडा केला तर मंगळवारपर्यंत घर सांगत राहतं. चिमणी आहे, तरी. (कोथरूड)

माशाचा तो वास आम्लारीधर्मी असतो, त्यामुळे आंबट काहीही त्याला मारतं. ताटं-कढई आधी गार पाण्याने धुवा, मग आमसुलाचं किंवा लिंबाचं पाणी चोळा, साबण शेवटी. ओट्यावर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून फडकं फिरवा. काटे आणि खवले कागदात गुंडाळून पिशवीत, आणि पिशवी फ्रीझरमध्ये. सकाळी कचरा न्यायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई आल्या की ओल्या कचऱ्यात द्या (प्लॅस्टिकची पिशवी काढून, हे सांगायला नको).

चिमणी बिनपाइपची असेल तर तिच्या आतला कोळशाचा फिल्टर संपलेला असणार. तो धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो. तेल पकडणारा स्टीलचा फिल्टर गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात भिजवा. तोच प्रयोग ॲल्युमिनियमच्या जाळीवर केलात तर ती काळी पडेल. तिला भांड्याचा साबणच.

प्रश्न : सदाशिव पेठेत जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. लाकडी कपाटाला कुबट वास येतो म्हणून डांबर गोळ्या भरपूर ठेवल्या आहेत. सून बाळंतपणाला येणार आहे, बाळाचे कपडेही त्यातच ठेवायचेत.

बाळाचे कपडे त्या कपाटात ठेवू नका. डांबर गोळ्यांतल्या नॅप्थलिनमुळे काही बाळांच्या, विशेषतः जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. गोळ्यांत ठेवलेली दुपटी अंगावर घातल्यानेही असं घडल्याची नोंद वैद्यकात आहे. गोळ्या काढा. जुनी दुपटी धुऊन उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा. कापूर हा त्याला पर्याय वाटतो, पण तोही मुलाच्या तोंडात गेला तर विषारीच.

गोळ्यांनी कुबटपणा जातही नाही, फक्त झाकला जातो. तो वास बुरशीचा आणि बुरशी ओलीची. ओल कुठून येते ते असं बघा : कपाटामागच्या भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली तर पाणी भिंतीतून येतंय : पलीकडचं बाथरूम, पन्हळ किंवा जमिनीतून चढणारी ओल. ती दुरुस्त केल्याशिवाय नवा रंग लावणं म्हणजे पैसे भिंतीला फासणं. खोलीकडची बाजू ओली तर दोष खोलीतल्या दमट हवेचा, आणि तो तुमच्या हातात आहे.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. उघडीप मिळेल त्या दिवशी पूर्ण रिकामं करून, खण बाहेर काढून, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. कोरड्या झाडूने बुरशी झटकू नका, ती घरभर उडते. कपाट ठणठणीत वाळल्यावरच कपडे आत. पैठण्या सावलीत पसरून, घडी बदलून, मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडली जाते. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण सर्वांत खालच्या कप्प्यात आणि सरळ उभे. त्यात साचणारं पाणी सांडलं तर कापडाचं नि चामड्याचं नुकसान होतं. वेखंड किंवा कडुनिंबाचा सुका पाला किडीसाठी ठेवतात. ओल कमी करणं हे त्याचं काम नव्हे.

प्रश्न : फ्रिज सोड्याने पुसला, लिंबू ठेवलं, तरी वास. (हडपसर)

फ्रिज आतून पुसलात, मागून बघितलात का? प्लग काढा. मागे, खाली, कॉम्प्रेसरजवळ पाणी साचायचा एक ट्रे असतो. सांडलेलं दूध, ताक, मटणाचं रक्त शेवटी तिथे पोहोचतं. तो धुवा. आत मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी जायचं भोक असतं, त्यात इअरबड फिरवून कोमट पाणी सोडा. दाराच्या रबराची घडीही पुसा. सोडा ठेवायचा तो खाण्याचा, आणि वाटीत नको. पसरट ताटलीत, म्हणजे हवेशी जास्त गाठ पडते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. चार दिवस संध्याकाळी हॉलमध्ये माशासारखा वास येतो, शेजारीही कोणी मासे करत नाहीत. उंदीर मेला असेल का? (औंध)

मेलेल्या उंदराचा वास दिवसभर येतो आणि वाढत जातो. ठरावीक वेळी, दिवे-एसी-गीझर चालू झाल्यावर येणारा मासळीसारखा वास बऱ्याचदा तापलेल्या स्विचबोर्डाचा किंवा प्लगचा असतो. त्यातलं प्लॅस्टिक जळू लागलं की असाच वास सुटतो. सॉकेटवर पिवळट-तपकिरी डाग आहे का, प्लग हाताला गरम लागतो का ते बघा. दोन्हींपैकी एक जरी आढळलं तरी मेन स्विच बंद करा आणि आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा, उद्या नाही. सैल झालेला स्क्रू किंवा एकाच सॉकेटवर लादलेली दोन जड उपकरणं, कारण बहुधा यातलंच निघेल.