पोर्ट्रेटसाठी पहिली प्राइम (झूम न होणारी लेन्स): ५० की ८५ मिमी?

तुझ्या निकॉन डी३५०० चा सेन्सर क्रॉप, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान आहे, त्यामुळे ५० मिमी त्यावर फुल-फ्रेमवरच्या ७५ सारखी दिसते. पोर्ट्रेटला झकास. ८५ घेतलीस तर ती सव्वाशेच्या पुढे जाते. हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकवलीस तरी उभा माणूस फ्रेममध्ये मावायचा नाही. बागेत मात्र मजा येते.

स्वस्तात मिळते म्हणून जुनी ५० एफ/१.८ डी उचलू नकोस (एफ/१.८ म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं ते मोठं). डी लेन्सला बॉडीतली फोकस मोटर लागते; या बॉडीत ती नाही, ऑटोफोकस चालणारच नाही. १.८ जी घे, तिच्यातच मोटर आहे. (१.४ चा मोह आत्ता नको, पैसे उरले तर फ्लॅश घे.)

१.८ वर जवळून काढताना फोकस पॉइंट स्वतः निवड आणि कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेव, नाहीतर कान शार्प आणि डोळे धूसर. चेहरा तिरका असेल तर ॲपर्चर सरळ २.८ कर, म्हणजे जास्त भाग शार्प येईल.