१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताच्या पहिल्या संघाने काय कमावलं?

पदक एकही नाही. पण चमू फक्त ६ जणांचा होता: चार धावपटू, दोन पैलवान. दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला म्हणून तो तिथे पोचला. धावपटू पुरमा बॅनर्जी पहिल्याच फेरीत बाद झाले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटांच्या थोडी वर. मला ही कामगिरी मोठी वाटते.

खरी हळहळ मात्र कुस्तीची. रणधीर शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत गेले, तिथे हरले आणि चौथे राहिले. कुस्तीतलं ते पदक खाशाबा जाधवांनी आणलं, तेही ३२ वर्षांनी, हेलसिंकीत. शिंद्यांचं नाव आपल्या तालमींतून आजही अभिमानाने घेतलं जायला हवं.