नेटस्केपचा पाच नंबर

प्रिय भाऊ,

रावेरच्या व्यापाऱ्याचं केळीचं बिलिंग सॉफ्टवेअर बघून तू पार वैतागलायस आणि सगळं टाकून नव्याने लिहायचं म्हणतोस. त्याआधी नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीचं काय झालं ते समजून घे.

मार्च १९९८ मध्ये त्यांनी आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, सगळ्यांसाठी खुला केला. त्यावरच ५.० आवृत्ती निघणार होती. पण पान मांडणारं जुनं इंजिन थकलेलं होतं. खिडकी लहानमोठी केली की तेव्हाच्या ४ नंबरच्या आवृत्तीला पान पुन्हा लोड करावं लागे. एकदा मांडलेलं जागच्या जागी सरकवणं त्याला जमतच नसे. जावास्क्रिप्ट (पानात हालचाल आणणारी भाषा) बंद केली की सीएसएसही (पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) बंद, कारण सीएसएस जावास्क्रिप्टच्याच यंत्रणेवर बसवली होती. अशावर ठिगळं किती लावणार? ऑक्टोबरमध्ये ठरलं, जुनं सोडायचं आणि शेजारी तयार होत असलेलं नवं इंजिन घ्यायचं. तेच पुढे गेको म्हणून ओळखलं गेलं. ५.० कधी आलीच नाही.

हा निर्णयच चुकला म्हणणारे तुला खूप भेटतील. मला ते पटत नाही. इंजिन बदलणं भागच होतं. २००४ चा फायरफॉक्स ब्राउझर त्याच गेकोवर उभा राहिला. घात झाला तो इंजिनासोबत मेन्यू, बटणं, मेल असं सगळंच नव्याने करायला घेतल्यामुळे. नेटस्केप ६ यायला नोव्हेंबर २००० उजाडला, तोही कच्चाच. तोवर लोक जुन्या ४ वरच अडकलेले, आणि मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर एक्सप्लोरर ५ तर मार्च १९९९ मध्येच आला होता.

आपल्याकडे पिलबाग धरतात, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलावर पुढचं पीक घेतात, तेव्हा घड उतरायच्या आत जुनं खोड कुणी तोडतं का? पील शेजारीच वाढत असतं.

तुझ्या कोडमध्ये खरं सडलेलं काय आहे ते आधी शोध. बिल छापायचा भाग असेल तर तेवढाच बदल. घडाच्या दांड्याचं वजन वजा करायचा जो गुंता तुला मूर्खपणा वाटतोय, त्याला मात्र लगेच हात लावू नकोस. त्यातली एकेक अट कुठल्या तरी शेतकऱ्याशी वजनावरून झालेल्या वादातून आलेली असणार, आणि ती कुठे लिहून ठेवलेली नाही. मुनीमजींजवळ बस, जुनी बिलं काढायला सांग, प्रत्येक अट का घातली ते विचार. मग नवा भाग जुन्याच्या बरोबरीने एक हंगाम चालव आणि रोज संध्याकाळी दोन्हीकडची बेरीज जुळते का बघ. एका रुपयाचा फरक आला तरी सोडू नकोस.

बिलं मिळाली की कळव, वजावटीचा भाग आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका