कॅसेटमध्ये फुंकर मारल्याने व्हिडिओ गेम खरंच चालायचा का?

फुंकरीने नाही, कॅसेट काढून परत घातल्याने चालायचा. कॅसेटच्या तळाशी तांब्याच्या पट्ट्या असतात, त्या मशीनच्या खाचेतल्या पिनांना नीट टेकल्या नाहीत की पडदा नुसता लुकलुकतो. परत घालताना पट्ट्या घासल्या जातात आणि संपर्क जुळतो. श्रेय मात्र फुंकरीला! उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या हळूहळू गंजतात. हे गेम बनवणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं.

आपल्याकडे नव्वदीत घरोघरी असायची ती गेमची मशीन म्हणजे बहुतेक निन्टेंडोच्या जपानमधल्या १९८३ च्या फॅमिकॉम मशीनची नक्कल. तिच्यात कॅसेट वरून घालायची. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या एनईएसमध्ये, म्हणजे फॅमिकॉमच्याच अमेरिकन अवतारात, ती व्हीसीआरसारखी पुढून आत सरकवून खाली दाबायची, आणि त्या रचनेत पिना लवकर ढिल्या पडत. म्हणजे फुंकर मारायचा खरा हक्क अमेरिकन पोरांचा, तरी आम्हीही छाती भरून फुंकायचो. (कॅसेटवर ‘९९९९ गेम’ लिहिलेलं, आत मारिओ आणि कॉन्ट्रा आलटून पालटून.)

जुनी कॅसेट सापडली असेल तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा.