‘इथे काय लिहू, मॅडम?’

प्रश्न : मी एका उत्पादन कंपनीच्या खरेदी विभागात आहे. यंदा आम्ही सगळ्या सप्लायरना शाश्वततेबद्दल ९२ प्रश्नांची प्रश्नावली पाठवली. बहुतेकांनी सगळीकडे ‘होय’ लिहून परत केली. आता हा विषय नीट अभ्यासायचं काम माझ्याकडे आलंय. अशा फॉर्मांचा खरंच उपयोग होतो का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : सप्लायरकडून नको, स्वतःच्या पीओंपासून, म्हणजे तुम्ही दिलेल्या खरेदीच्या ऑर्डरींपासून सुरुवात करा. असं का म्हणते ते सांगते.

मी २२ वर्षं खरेदीत काढली. एकदा खोकी पुरवणाऱ्या एका सप्लायरकडे मालाला उशीर का होतोय ते बघायला गेले होते. त्याच्या गोडाऊनच्या मागच्या भिंतीला आमच्याच खोक्यांचे गठ्ठे लागलेले, पट्ट्या बांधून, रद्दीत जायला तयार. मी एक खोकं ओढून पाहिलं. छपाई स्वच्छ, पुठ्ठा चांगला. फक्त पत्त्यातली एक ओळ जुनी होती. तो बदल मीच कळवला होता, गुरुवारी संध्याकाळी, माल छापून झाल्यावर. वर तारीख तीच ठेवली होती, म्हणून त्याची माणसं दोन रात्री थांबली होती. टेबलावर आमचा फॉर्म पडलेला. ‘कचरा कमी करण्यासाठी आपण कोणते उपाय केले?’ या प्रश्नापुढची जागा त्याने कोरी सोडली होती. त्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, ‘इथे काय लिहू, मॅडम?’ मला उत्तर देता आलं नाही.

संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले रिचर्ड लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाइकीच्या ५१ देशांतल्या ८०० हून जास्त सप्लायर कारखान्यांचे ऑडिट अहवाल तपासले. जवळजवळ ८० टक्के ठिकाणी कामाची परिस्थिती होती तशीच राहिली होती किंवा बिघडली होती. मग त्यांनी मेक्सिकोतले दोन कारखाने शेजारी ठेवून पाहिले. दोघांचे ऑडिटचे गुण जवळपास सारखे, पण आतली परिस्थिती फार वेगळी. जिथे काम गटांत वाटलेलं होतं, कामगारांना निर्णयाची मोकळीक होती आणि खरेदीदाराशी संबंध जवळचे होते, तिथे पगारही बरा होता आणि ओव्हरटाइमही आटोक्यात. हा अभ्यास तुम्ही मुळातून वाचाच. २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून १,१०० हून जास्त माणसं गेली, त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचंही ऑडिट आधी झालेलं होतं.

तेव्हा मागच्या १२ महिन्यांच्या पीओ काढा. ऑर्डर दिल्यावर किती वेळा बदल केले, ठरलेल्या मुदतीपेक्षा किती दिवस कमी दिले, पेमेंट किती उशिरा गेलं, जहाजाने जाणारा माल किती वेळा विमानाने मागवला, एवढंच प्रत्येक सप्लायरपुढे मांडा. विमानाचा मुद्दा मोठा आहे, कारण तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला जहाजापेक्षा कितीतरी पट जास्त कार्बन हवेत जातो. आणि ती घाई बहुतेकदा आपल्याच नियोजनातल्या चुकीने होते.

मग तो तक्ता घेऊन सप्लायरकडे जा. ‘तुमच्याकडे ओव्हरटाइम होतो का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ हेच उत्तर येईल. ‘गेल्या वर्षी कुठल्या आठवड्यांत रात्रपाळी लावावी लागली?’ असं विचारा. त्या तारखा तुमच्या बदलांच्या तारखांशी ताडून पाहा. त्याला माल कोण पुरवतं, शाई कुठून येते, जॉबवर्क कोणाकडे जातं, हेही त्याच बैठकीत निघतं, कारण तुम्ही आधी स्वतःची चूक टेबलावर ठेवलेली असते. फॉर्म पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. पण ९२ प्रश्न कशाला? ज्यांच्या उत्तरावर तुम्ही खरंच काही करणार आहात, तेवढेच ठेवा.

प्रश्न : आमच्या कंपनीत सप्लायरकडचं कार्बन उत्सर्जन खरेदीच्या रकमेवरून काढतात. हे चालतं का?

उत्तर : पहिल्या वर्षी चालतं. ‘स्कोप ३’ म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामाबाहेर, सप्लायरपासून ग्राहकापर्यंतच्या साखळीत होणारं उत्सर्जन. त्याच्या २०११ च्या मानकात अशा उत्सर्जनाचे १५ प्रकार आहेत. त्यातला कुठला सर्वांत जड, हे या पद्धतीने लवकर कळतं. पण प्रगती मोजायला ती वापरू नका. सप्लायरने स्वच्छ विजेवर बनवलेलं पोलाद थोड्या चढ्या भावाने दिलं, तर तुमच्या तक्त्यात उत्सर्जन वाढलेलं दिसेल. उलट त्याला पिळून भाव पाडलात, तर ते कमी झालेलं दिसेल, आणि त्याच्या भट्टीत काहीच बदललेलं नसेल. सर्वांत जड अशा पाच-सात मालांसाठी तरी सप्लायरकडून टनामागे लागलेलं इंधन आणि वीज यांचे खरे आकडे मागा. ते गोळा करायला त्याला माणूस लागेल, तर तेवढी मदत तुमच्या कंपनीने करावी.